सरकीची माळ

जुबेदा आपा, तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. दिग्रसच्या बाजारात, करीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात, मशीनशेजारच्या पोत्यावर तू बसलेली नाहीस आणि आपलं भांडण तसंच पडून आहे. भांडण अर्धवट टाकून उठून जाण्यातली तू नव्हतीस. आठ दिवस ताप अंगावर काढलास, कुणाला बोलली नाहीस आणि नवव्या दिवशी गेलीस. मला निरोपसुद्धा धाडला नाहीस. धाडला असतास तर मी आले असते का, हे मात्र विचारू नकोस. ते मी रोज स्वतःला विचारते आहे.

परवा बाजारात दोन बाया तुझ्याबद्दल बोलत होत्या. ‘लई गरीब स्वभावाची होती बिचारी.’ मला तिथंच संताप आला. तू गरीब स्वभावाची? काज जरा तिरपं पडलं तर करीमचाचांना, स्वतःच्या नवऱ्याला, भर दुकानात गिऱ्हाइकासमोर उसवायला लावणारी तू? माणूस मेलं की लोक त्याला धुऊन पुसून असं गुळगुळीत करून ठेवतात, की ते आपल्या ओळखीचंच राहत नाही. मी तसं करणार नाही. तू हट्टी होतीस, तोंडाळ होतीस आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल पक्की खोटारडी होतीस.

आपली ओळख झाली ती गळ्यावरून. छप्पन साली आमच्या वस्तीतली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन आली आणि आम्ही बौद्ध झालो. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. वस्तीतल्या बायांनी ताईत, देवीचे टाक, काळे दोरे, कथलाचे जाडजूड दागिने, जे जे म्हणून जुन्या जिण्याची खूण होती ते सगळं एका टोपलीत भरलं आणि नदीत सोडून आल्या. येताना हसत होत्या. माझी माय तर हात मोकळे सोडून चालत होती, मी तिला तशी चालताना कधी पाहिली नव्हती.

आणि मग आला सोमवारचा बाजार. भाजीवालीनं मायच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि चारचौघींना ऐकू जाईल असं विचारलं, ‘काय वो, कवा गेला तुहा नवरा?’ माझा बाप डोक्यावर जवारीचं पोतं घेऊन दहा पावलं मागे येत होता! बाया खिदळल्या.  माय सरळ चालत तुमच्या दुकानाच्या ओट्यापर्यंत आली आणि खाली, धुळीत बसली.

तू वरून विचारलंस, ‘काय झालं वो बाई? चक्कर आली का?’

‘चक्कर नाई आली. डोकं फिरलं,’ माय म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. रागानं सांगितलं, रडून नाही.

तू तोंडातलं पान थुंकून आलीस. कात्रणांची टोपली पुढे ओढलीस. शाळेच्या गणवेशाची निळी कात्रणं होती आणि सदऱ्यांची पांढरी. माय कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, तिच्या ओच्याच्या घडीत नेहमी चार-दोन सरक्या अडकलेल्या असायच्या. तू त्या मागून घेतल्यास, आणखी ओंजळभर मला जिनिंगच्या दारातून वेचून आणायला लावलंस. एकेक सरकी कात्रणात गुंडाळायची, दोऱ्याचे वेढे द्यायचे, दोन टाके मारायचे. मणी. एक निळा, एक पांढरा. दुपार उतरेपर्यंत तू माळ केलीस आणि ओट्यावरून खाली उतरून, मायच्या मागे धुळीत बसून, स्वतःच्या हातानं तिच्या मानेमागे गाठ बांधलीस.

माय ताठ झाली होती. त्या बाजारात तिला मिठाची पुडीसुद्धा वरून टाकत. तिच्या मानेला बाजारातल्या कुणाचा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. तुला हे ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तू फक्त म्हणालीस, ‘मान खाली कर ना वो, गाठ नीट बसून नाई राह्यली.’

त्याबद्दल मी तुझी जन्मभर ऋणी आहे. हे तुझ्या तोंडावर एकदाही म्हटलं नाही, म्हणून इथं म्हणते.

मग एकीचं पाहून दुसरी आली, दुसरीचं पाहून पाचवी. दुकानाच्या मागच्या ओसरीवर चौदा जणी बसायला लागलो. तुझी पहिली चूक आठवते? भर आषाढात बाया निंदणाला गेल्या, माळा भिजल्या, ओल्याच काढून गाठोड्यात ठेवल्या. पाच-सहा दिवसांनी सोडून पाहतो तर मण्यांतून कपाशीचे कोंब! निळं कापड फाडून हिरवी पानं बाहेर आलेली. कच्ची सरकी भरली होतीस तू. दर्ज्याची बायको, कापूस तुला फक्त कापड झाल्यावर माहीत. तू कपाळावर हात मारलास, ‘हाय अल्ला, ही तं पऱ्हाटी झाली!’ आणि माझी माय, जी महिनोन्‌महिने मोठ्यानं हसत नसे, ती ओसरीवर आडवी पडून हसली. त्यानंतर सरकी तव्यावर भाजून घ्यायचं काम मायकडे आलं. तुझ्या हातात तिनं तवा दिलाच नाही.

दुसरी चूक हसण्याजोगी नव्हती. एका सावकारणीनं तुला तिचं नेसून जुनं झालेलं लुगडं दिलं, मोठ्या मनानं. लुगड्याचा काठ जरीचा. तू त्या काठाचे मणी केलेस, फार सुरेख, आणि मायपुढे धरलेस. मायनं कापड बोटांनी चाचपलं, हुंगलं आणि माळ दूर सारली.

‘हे अंगावरचं उतरलेलं हाये, आपा.’

‘धुतलं ना मी.’

‘धुवून का होते? आमच्या सात पिढ्यानं लोकायचं उतरलेलं घातलं. मढ्यावरचं कापड बी आमचंच, रिवाजच होता तसा. आता नाई घालत.’

 मला वाटलं, आता तू चिडशील. तू ती माळ कात्रीनं मधोमध कापलीस आणि म्हणालीस, ‘मले माहीत नव्हतं.’ तेव्हापासून आपल्या ओसरीचा नियम झाला, कापड कोरं पाहिजे. नव्या कपड्याचं कात्रण चालेल, बोटभर असलं तरी चालेल, पण कुणाच्या अंगाला लागलेलं नको. जिनिंगच्या झाडलोटीतली सरकी, शिंप्याच्या पायाखालची कात्रणं, पोत्याची उसवलेली सुतळी, ज्याला गाव कचरा म्हणतं ते सगळं आम्ही घेत होतो आणि तरी कुणाचं उष्टं घेत नव्हतो. हा फरक गावाला कळत नव्हता. तुला एका वाक्यात कळला होता. म्हणून तर पुढचं मला सहन झालं नाही.

आणखी एक नियम तुझा होता. रागात सुई धरायची नाही. मी चिडून बसले की तू माझ्या हातातून सुई काढून घ्यायचीस. ‘आधी राग उतरव, मंग शिव. रागातला टाका ताणून बसते आन् पावसात तुटते.’ मी म्हणायचे, मग मी जन्मात शिवणार नाही. तू म्हणायचीस, ‘नको शिवू. लिहित जा. तुले येते ना लिहिता?’

म्हणून मी यादी लिहिली. सातवीपर्यंत शिकलेली मी एकटीच. पुड्याच्या तपकिरी कागदावर चौदा बायांची नावं, त्यांतलं एक माझं, आणि प्रत्येक नावाखाली भिंतीत एक खिळा. जिनं केलेली माळ तिच्या खिळ्याला. माझी माय शेजारणीला खिळा दाखवून सांगायची, हे माह्यं नाव. तिला वाचता येत नव्हतं, खिळा ओळखता येत होता.

तुझ्या गळ्यात मात्र कधीच माळ नसायची. मी किती वेळा विचारलं. ‘मले कायले? माह्या गळ्यात टेप असते ना.’ आणि खरंच असायची, मापाची ती पिवळी टेप, कडा उसवलेली.

मग त्या बाई आल्या. यवतमाळच्या कुठल्याशा मंडळाच्या. स्वच्छ, गोड बोलणाऱ्या. त्यांना माळा फार आवडल्या. यवतमाळला प्रदर्शन भरणार होतं, साठ माळा हव्या होत्या. आम्ही सगळ्या हुरळलो. मी तर सगळ्यात जास्त. आमची माळ दिग्रसच्या बाहेर जाणार, कुणीतरी ती हातात घेऊन म्हणणार, काय सुरेख काम आहे! मला एवढंच हवं होतं, आपा. दया नको, जागा नको, काही नको. सुरेख काम आहे, एवढं एक वाक्य.

साठही माळा झाल्या. मी चार दिवस नेरला मावशीकडे गेले होते. परत आले तर तू ओसरीवर बसून प्रत्येक माळेला एकेक छापील चिठ्ठी शिवत होतीस. तुझ्या त्या बारीक, एकसारख्या टाक्यांनी. माय शेजारी मणी ओवत होती.

‘हे काय?’

‘चिठ्ठ्या. बाईनं देल्ल्या. छापील हायेत. पाह्य किती देखण्या!’

मी वाचली. मोठ्यानं वाचली, कारण माझा विश्वास बसेना. ‘दीन भगिनींनी जुन्या चिंध्यांपासून केलेली माळ. विकत घ्या, पुण्य जोडा.’

माय एकच शब्द बोलली. ‘जुन्या?’

मग तिनं गळ्यातली माळ काढली, तुझ्या मांडीवर ठेवली आणि निघून गेली. इतकी वर्षं तिनं ती माळ उतरवली नव्हती. मणी बदलले, दोरा बदलला, माळ तीच. आणि मी तुझ्यावर तुटून पडले.

‘शेवंता, मले वाचता येत नाई बाई. मले का मालूम?’

‘विचारायचं होतं! वाचणारी मी हाये ना इथं!’

‘तू नेरले गेलती ना. बाई म्हणे, घाई हाये...’

‘तुह्या गळ्यात कुठं हाये ही माळ? तुले का फरक पडते? भीक आमच्याच गळ्यात बांधली तुनं!’

हे मी बोलले. करीमचाचांचं मशीन थांबलं. तू गळ्यातली टेप मुठीत धरलीस आणि काहीच बोलली नाहीस. एरवी एकाला चार ऐकवणारी तू, त्या दिवशी का गप्प बसलीस? उलट बोलली असतीस तर भांडण तिथंच मिटलं असतं. मला आजही त्या गप्प बसण्याचा राग येतो.

त्यानंतर तू दोनदा आमच्या दारी आलीस. मी फटीतून पाहिलं. काखेत गाठोडं होतं. मला वाटलं, आली पुन्हा माळा करा म्हणायला. मी मायला सांगितलं, म्हण मी घरी नाही. माय म्हणाली, मी खोटं बोलत नाही. ती बाहेर गेली आणि तुला म्हणाली, ‘शेवंता घरी हाये, पण येत नाई.’ तू म्हणालीस, ‘राहू दे. राग उतरला की येईन.’ दोन्ही वेळा हेच. बसली नाहीस, गाठोडं सोडलं नाहीस. सोडून दाखवलं असतंस तर? माझ्या अंगावर फेकून गेली असतीस तर? शहाणपणा नडला तुझा! मी पोरसवदा रागात होते, तू तरी मोठी होतीस ना?

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी धावत आले. तुला नेलं होतं. कब्रस्तानात बायका जात नाहीत, आणि मी तर दुकानाच्या पायरीवरच अडकले होते. चौथ्या दिवशी करीमचाचांनी बोलावलं आणि तेच गाठोडं माझ्यापुढे ठेवलं.

‘बेटी, हे तुह्यासाठी होतं.’

साठ माळा. एकाही माळेला चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्यांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या होत्या आणि पट्टीवर निळ्या दोऱ्यानं नाव काढलेलं. जिनं माळ केली तिचं नाव.

‘त्याच दिवशी उसवल्या तिनं साऱ्या,’ चाचा म्हणाले. ‘जेवली बी नाई. चिठ्ठ्या चुलीत घातल्या. मंग भिंतीवरची यादी पाहून पाहून एकेक अक्षर काढून राह्यली होती. ताप होता तं म्हटलं, पडून राह्य. तं म्हणे, अक्षर चुकलं तं पोरगी मारन मले.’

आपा, ते माझं अक्षर होतं. माझा श जसा एका बाजूला कलतो तसाच कललेला. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तू ते माप घेतल्यासारखं उतरवलं होतंस. तापात बसून! दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथं जायला तुला वेळ नव्हता आणि माझा कललेला श काढायला वेळ होता. मी हे कसं माफ करू?

गेल्या मंगळवारी त्या बाई माळा न्यायला आल्या. चाचांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. तुझं ऐकून त्या हळहळल्या, खोटं नाही. मग माळा पाहिल्या आणि विचारलं, ‘चिठ्ठ्या कुठे गेल्या?’

‘चुलीत.’

‘अगं, पण ही नावं कशाला? नावं वाचली की लोकांना लगेच कळतं, कुठल्या वस्तीतलं ते. मग हात लावायला कचरतात. मी तुमच्या भल्याचंच सांगते.’

‘चिठ्ठी वाचून हात लावतात का?’

‘तिथे निदान दया येते.’

मी माळा गाठोड्यात परत भरल्या. ‘बाई, हे कापड कोरं आहे,’ मी म्हटलं. ‘एकही चिंधी जुनी नाही. तुम्ही न विचारता छापलंत. पुण्य पाहिजे असेल तर दुसरीकडे शोधा. इथं माळ मिळते.’

बाई लाल झाल्या, हेतू चांगला होता म्हणाल्या, पुन्हा येणार नाही म्हणाल्या. न येवोत. ओसरीवरच्या दोघी-तिघी माझ्यावर रागावल्या आहेत, हातचं काम घालवलंस म्हणून. त्यांचंही चूक नाही. येत्या सोमवारी मी बाजारात चादर अंथरून बसणार आहे, त्या भाजीवालीच्या अगदी समोर. नावं दिसतील अशा माळा मांडणार आहे. कुणी घेतली तर घेतली. गाठोड्यात मायची उतरवलेली माळही होती, तिच्या नावाची पट्टी लावलेली; ती मायनं पुन्हा गळ्यात घातली. पट्टी बाहेर काढून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, ‘हे माह्यं नाव.’ आता खिळ्याची गरज नाही तिला.

पण सांगायचं ते अजून सांगितलेलंच नाही.

त्या दिवशी गाठोडं घरी आणून मी साठच्या साठ पट्ट्या वाचल्या. तुझं नाव शोधत होते. एकातही नव्हतं. मी तणतणत दुकानात गेले. म्हटलं, पाहा चाचा, इथंही स्वतःला बाजूला ठेवलं तिनं, काय हा मोठेपणा!  चाचांनी फक्त भिंतीकडे पाहिलं.

तपकिरी कागद तिथंच होता. चौदा नावं. तू त्या कागदावरून एकेक नाव जसंच्या तसं उतरवलंस, पाहण्यात चूक केली नाहीस, एक काना सोडला नाहीस. तुझं नाव त्यात नव्हतं, कारण यादी मी केली होती. इतकी वर्षं तुझ्या ओसरीवर बसून, तुझा दोरा, तुझी सुई वापरून, तुझा चहा पिऊन, मी चौदा नावं लिहिली आणि पंधरावं मला सुचलं नाही. आणि वर तुलाच विचारलं, तुझ्या गळ्यात कुठं आहे माळ!

तू रोज त्या यादीखाली बसत होतीस. तुला वाचता येत नव्हतं, पण खिळे मोजता येत होते ना? एकदा तरी म्हणायचं होतंस, शेवंता, माहा खिळा कुठं हाये?

काल मी जाऊन नाव लिहिलं. कागदावर वर जागा उरली नव्हती, सगळ्यात खाली लिहिलं. जुबेदा. खाली खिळा ठोकला. चाचांनी विचारलं, ‘याच्यावर का अडकवाचं बेटी?’ मशीनवर तुझी टेप पडली होती. मी ती अडकवली.

माळ नंतर. सरकी मायनं भाजून दिली आहे, निळी-पांढरी कोरी कात्रणं चाचांनी काढून ठेवली आहेत, पट्टीही कापून झाली आहे. सुई ओवून माझ्यासमोर ठेवली आहे, सकाळपासून. पण रागात टाका घालायचा नाही, आणि माझा राग अजून उतरलेला नाही, आपा.